पहाटेची नाल, सांजेची नाल

वस्ताद, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी माझं एक कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू? बाकीचे म्हणतील, केस पिकले तरी याच्या डोक्यातला किडा काही गेला नाही.

कापसाच्या तेजीतला तो हिवाळा. साता समुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि इकडे अमरावतीत कापसाच्या गाड्यांना उभं राहायला जागा नव्हती. मी दिवसभर बोजे चढवायचो. तालमीत उतरायचं ते पहाटेच, हा तुमचा नेम. मी तुम्हाला सांगून टाकलं की गाड्या पहाटे येतात, म्हणून मी आधीच उठून घरी मेहनत करतो. खरं म्हणजे तेव्हा मी गोधडीत असायचो. काम आटोपलं की संध्याकाळी रिकाम्या तालमीत शिरायचो. तुम्ही त्या वेळी देवळात असायचात. तिथे मला नवल वाटू लागलं. आपली ती नाल, मधे मूठ कोरलेला गोल दगड, तुमच्या वस्तादांनी घडवून घेतलेला. पूर्वी पहाटे तो गुडघ्याच्या वर येता येता माझा जीव काढायचा. संध्याकाळी तोच दगड सरळ डोक्यावर जातो! दिवसभर बोजे वाहून दमलेला माणूस सांजेला जास्त ताकदवान कसा? नाल कधी किती वेळा उचलली, त्याच्या मी भिंतीवर कोळशाने रेघा ओढायला लागलो. उपाशीपोटी उचलून पाहिली, भाकर खाऊन पाहिली. सुट्टीच्या एका पहाटे शेकोटीला अंग शेकून मग उचलली, तेव्हा थोडा फरक पडला, पण सांजेची गंमत काही आली नाही.

अशाच एका सुट्टीच्या पहाटे तुम्ही त्या रेघा पाहिल्यात. "हे काय रेघोट्या मारून राहिला बे भिताडावर?"

"वस्ताद, माणसाले सांजच्याले जोर जास्त येते का?"

"जोर काय गाय हाये का, सांजच्याले घरी याले?"

सगळी तालीम हसली. मीही हसलो, पण रेघा ओढणं सोडलं नाही.

मग अकोटच्या तालमीशी पैज लागली. हरणाऱ्याने आपली नाल जिंकणाऱ्याला द्यायची, हा जुना रिवाज. तुम्ही मला पुढे केलंत. पहाटेची वेळ ठरली. अकोटच्या गड्याने तुमच्या वस्तादांची ती नाल सात वेळा डोक्यावर नेली. मी तीन वेळा नेली, चौथ्या वेळी ती छातीपाशीच अडली आणि हातातून सुटली. कुणी मला बोलायच्या आत तुम्ही उभे राहिलात. "चूक याची नाही. म्याच याले घाईनं पुढं केलं." आणि ती नाल तुम्ही स्वतःच्या हातांनी त्यांच्या गाडीत ठेवलीत. त्यानंतर तुम्ही कुस्तीच्या मातीच्या हौदात पुन्हा उतरला नाहीत. मला आजही त्याची लाज वाटते.

आता तालीम मी चालवतो. गेल्या हिवाळ्यात सारख्या जोराचे दोन गडी घेतले. एकाला चार महिने फक्त पहाटे उतरवलं, दुसऱ्याला फक्त संध्याकाळी. मग दोघांनाही पहाटे तालमीची नवी नाल उचलायला लावली. पहाटेवाल्याने सहज उचलली, सांजवाला माझ्यासारखाच छातीपाशी अडला. संध्याकाळी मात्र दोघांनीही डोक्यावर नेली, सांजवाल्याने एखाद-दोनदा जास्त, एवढंच. म्हणजे शरीराला जी वेळ लावावी ती ते शिकतं. तुमचा नेम खोटा नव्हता, वस्ताद. माझ्या रेघाही खोट्या नव्हत्या. सांजेला अंग मुळातच का मोकळं होतं, ते मात्र अजून कळत नाही. तुम्ही असता तर पुन्हा विचारलं असतं, आणि पुन्हा हसं करून घेतलं असतं.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एक लिहून टाकतो. पैजेची वेळ उचलणाऱ्याने सांगायची असते. अकोटकर समोर बसले होते आणि तुम्ही मला विचारलंत, "बोल, पहाटे उचलतं का सांजच्याले?" सांज अगदी ओठावर आली होती. पण तुम्ही 'काहून' म्हणून विचारलं असतं, आणि माझं पहाटेचं झोपणं चारचौघांत उघडं पडलं असतं. मी पहाट म्हणालो. तुम्ही खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारलीत, आणि नाल जाणार हे ठाऊक असूनही मला ती थाप फार आवडली.