सात आठे चोपन्न

ताई गं,

तुझा खून झाला, त्यामुळे हे पत्र टाकायला पत्ता नाही. पण भांडायला मला अजून तूच लागतेस.

तुझं कुलूपबंद संशोधन आमच्या यानावर तपासाला आलं. किल्लीची खूण एकच: ‘धाकटीचा सातचा पाढा’. कॅप्टनसकट सगळ्यांनी तीन दिवस पाढा टाकला, फाइल ढिम्म हलली नाही. मग मी माझा टाकला, लहानपणी हटून म्हणायचे तो. उघडली!

वसाहतीच्या हवेत विष आहे, हे प्रमुखांना ठाऊक होतं. म्हणून तुला मारलं. आता त्यांचा हुकूम आलाय, फाइल पुसा. कॅप्टन म्हणाले, “पोरी, बहीण तुझी. तूच ठरव.”

मी ती वसाहतीतल्या घरोघरी पाठवली. येऊ देत धरायला. बाईंनी दिवसभर बाकावर उभं केलं, तरी मी छप्पन्न म्हटलं नव्हतं.

तुझीच हट्टी,
धाकटी