समोरचे डबे रिकामे

शनिवार, १७ मे

आज मी आकाशपाळणा चुकीचा भरला. आजोबा येरमाळ्याच्या जत्रेत हातानं फिरवायचे तो हाच पाळणा, आता शहरातल्या बागेत मोटारीवर चालतो. भरायची रीत तीच: एक डबा भरला की मग त्याच्या बरोबर समोरचा, म्हणजे तोल राहतो. अक्षरं यायच्या आधी वडिलांनी, आबांनी, मला हे शिकवलं.

लोहारा गावच्या दहा-बारा बायका होत्या. "ए पोरी, आमाला एका जागीच बसव की, फोटू काढायचाय." सलग चार डब्यांत बसवल्या. समोरचे चार रिकामे. का ऐकलं मी? वर चढताना मोटार गुरगुरली आणि भरलेली बाजू झपकन खाली आली. एक आजी हसतच उतरल्या, "लई भारी झोका दिलास गं."

कुणाला कळलं नाही. ते चार रिकामे डबे मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीत.

जेवताना आबांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. "मोटारीचा पट्टा सरकला असंल. उद्या बंद. दोघं खोलून बघू."

"उद्या रविवार आहे, आबा. लोकांना काय सांगायचं?"

"पाटी तूच लिही."

आधी 'दुरुस्तीसाठी बंद' लिहिलं. मग पुसून लिहिलं, 'काल माझ्याकडून चुकीचा भरला गेला, म्हणून तपासणीसाठी बंद.' आबांनी वाचली आणि बांधायला सुतळी आणून दिली. सकाळी फाटकावर मलाच लावायची आहे.