सोनलच्या लग्नाला आलेली तुझी माणसं

प्रिय ताई,

तुझ्या सासरची माणसं आत्ताच दादरहून गाडीत बसली. घरी येऊन पाय पसरले आणि वाटलं, आधी तुला सांगावं. तुझ्या सोनलचं लग्न झालं गं! आणि तुझ्या गावाकडचं एकही माणूस लॉजवर राहिलं नाही.

परळची आपली चाळ पाडून टॉवर झाला, तो तू पाहिलाच नाहीस. घर छान आहे, पण गॅलरी नाही. पाहुण्यांच्या चटया टाकायच्या कुठे? भाऊजी म्हणाले, "कुंदा, बुलढाण्याला माझ्या घरच्यांना नुसतं कळवू या. ते समजून घेतील."

का म्हणून समजून घ्यावं? पोरीची आई नाही, निदान आईच्या नावाने येणारी माणसं तरी नकोत का? मी स्पष्ट सांगितलं, "सगळे येतील. झोपायचं कुठे ते मी बघते."

तू कशी गं जमवायचीस हे सगळं? कधी शिकवलंस का मला? राग येतो तुझा!

सोसायटीचा हॉल मागायला सावंतकाकांकडे गेले. आता सेक्रेटरी आहेत ते. म्हणाले, "हॉलमध्ये पाहुण्यांना राहता येत नाही. नियम आहे."

"काका, तुमच्या लग्नाला आलेली मालवणची माणसं आमच्या खोलीत झोपली होती. त्यांचं पाणी आमच्या ताईने भरलं होतं."

"तेव्हा चाळ होती, कुंदा."

"माणसं तीच आहेत ना?"

काकांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. चावी काही दिली नाही.

मी निघाले, तर काकूंनी आतून हाक मारली. "हॉलाचा माका म्हायत नाय. पण माझ्या घराक खयचो नियम? ताईच्या सासूक हयसर पाठव." काकांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही!

मग मी मजल्यामजल्यावर दारं वाजवत सुटले. एका नव्या भाडेकरूने दार अर्धंच उघडून लावून घेतलं. पण चाळीतले जुने? कुणी दोघांना घेतलं, कुणी अख्खं कुटुंब. सकाळी चहाच्या वेळी पाहुणे मजला चुकून भलत्याच घरी जाऊन बसले, आणि तिथेही त्यांना चहा मिळाला.

तुझ्या सासूबाई लिफ्टमध्ये मला बिलगून होत्या. "मले पोटात कसंतरीच होते वं माय!" लग्नात मात्र बुद्धवंदना त्यांनीच सगळ्यांत मोठ्याने म्हटली. नंतर सोनलला जवळ घेतलं आणि तिचा चेहरा हाताने चाचपत राहिल्या. मोतीबिंदू पिकलाय गं त्यांचा. नटलेली नात त्यांना धड दिसलीच नाही.

आज स्टेशनवर म्हणाल्या, "सून गेली तवा वाटलं, मुंबईचं दार बंद झालं आमाले."

त्यांच्या डोळ्यांचं भाऊजींना विचारलं, तर म्हणाले, "बघू." मी बघू म्हणणार नाही. थंडी पडली की स्वतः बुलढाण्याला जाईन, त्यांना घेऊन येईन, ऑपरेशन इथे करीन आणि बरं वाटेपर्यंत माझ्याकडे ठेवीन. पट्टी निघेल तेव्हा समोर सोनल बसलेली असेल, ताई. हा माझा शब्द.

तुझी धाकटी,
कुंदा