परळ टाळून ठाकूरद्वार

आई,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते. मला तसं सोपं जातं.

१. गेल्या वर्षी माझ्या डाव्या स्तनात गाठ सापडली. कॅन्सर. तुझी उजव्या बाजूला होती.
२. केमो झाली, ऑपरेशन झालं. केस गेले, पुन्हा आले.
३. या वर्षीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसांत ठिपके दिसले. आजार तोच.
४. नेहमीचं औषध आहे. ते आजार काही काळ आवरतं, संपवत नाही. म्हणून मी ट्रायल शोधायला घेतल्या, म्हणजे नव्या औषधांच्या चाचण्या, ज्यांत पेशंट स्वतःहून भाग घेतात.
५. तीन सापडल्या. तिसरीत मी बसते. ती परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात आहे.
६. सोमवारी संमतीपत्रावर माझी सही व्हायची होती. बाबांमुळे झाली नाही.

माझं काम तुला माहीत नाही. वजनकाटे आणि थर्मामीटर खरं दाखवतात की नाही, हे तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेत मी आहे. त्यामुळे बारीक अक्षरातल्या अटी वाचायचा मला कंटाळा येत नाही. देशात चालू असलेल्या ट्रायलची सरकारी यादी इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. प्रत्येकीपुढे कोणाला घेणार आणि कोणाला नाही ते लिहिलेलं असतं: गाठीचा प्रकार, आधी घेतलेली औषधं, लिव्हरची अवस्था. पहिल्या ट्रायलला आधी घेतलेलं एक औषध चालत नव्हतं आणि नेमकं तेच माझ्या केमोत होतं. दुसरीपुढे 'भरती चालू' असं होतं, पण फोन केला तेव्हा कळलं की भरती कधीच संपली आहे. यादी मागे राहते, फोन करावाच लागतो, हे त्यातून शिकले. तिसरी सापडल्यावर छापून डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी वाचली, माझे रिपोर्ट पुन्हा काढून पाहिले आणि चिठ्ठी दिली. आपल्या लालबागहून परळ चालत जाण्याइतकं जवळ.

तुला मात्र तिथे कधी नेलं नाही. आपल्या चाळीत 'तिला परळला नेलंय' एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे. दारावरची पाटी तू वाचली असतीस. म्हणून बाबांनी ठाकूरद्वारच्या एका वाडीतलं छोटं नर्सिंग होम शोधलं, जिथे पाटीवर फक्त डॉक्टरांचं नाव होतं. तुला सांगितलं की दुधाची गाठ आहे, जाईल. मला सांगितलं की आईसमोर काही बोलायचं नाही. चाळीत सगळ्यांना माहीत होतं, तुझ्याशिवाय. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो.

बस परळकडे पाठ करून निघते. मी सातवीत आहे, तुमच्या दोघांच्या मधे दाटीने बसले आहे. तू विचारतेस, "हयसर एवढा मोठा हॉस्पिटल असताना आपण इतक्या लांब कित्याक जातो?" बाबा समोरच्या सीटच्या दांड्याकडे बघत म्हणतात, "थयलो डॉक्टर वळखीचो आसा." तू म्हणतेस, "बरा." आणि खिडकीबाहेर बघायला लागतेस. येताना गिरगावातल्या एका दुकानात तू थांबतेस आणि मला कंपासपेटी घेतेस, पितळी कर्कटकाची, जड. मी म्हणते, आमच्या वर्गात कुणाकडेच अशी नाही. तू म्हणतेस, "दहावीपर्यंत पुरेल अशी हवी." बाबा म्हणतात, दहावीला अजून वेळ आहे. तू दुकानदाराला म्हणतेस, "हीच द्या."

सोमवारी बाबा माझ्यासोबत आले. त्या दारातून ते पहिल्यांदाच आत जात होते. मला वजन करायला बोलावलं. परत आले तर ते ट्रायलचं काम बघणाऱ्या बाईंच्या टेबलाशी वाकून हळू आवाजात बोलत होते.

"मॅडम, तिला सगळं सांगू नका. औषध द्या, पण ते पूर्ण बरं होत नाही वगैरे... ते नको. पोर खचेल."

"काका, तिला सगळं सांगितल्याशिवाय मला तिला घेताच येत नाही."

"मी बाप आहे तिचा. मी सही करतो ना."

"तुमची सही नाही चालत. एकतीस वर्षांची आहे ती."

"बाबा," मी मागून म्हणाले, "मी ते वाचलंय. यादी मीच शोधली."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं नाही. आजूबाजूला काही पडलंय का असं शोधल्यासारखं जमिनीकडे बघत राहिले. मला राग आला नाही. वीस वर्षांनी माणूस तीच गोष्ट तितक्याच जपून करायला निघाला होता, एवढंच दिसलं.

बाई म्हणाल्या, "आज सही नको. घरी बोला दोघं. निर्णय तुमचा स्वतःचा असला पाहिजे, आणि डोसनंतर घरी लक्ष ठेवणारं माणूस लागतं. ते तयार हवं." मग कॅलेंडर पाहून त्यांनी सांगितलं की माझा स्कॅन गुरुवारपर्यंतच चालेल. त्यानंतर नवा करावा लागेल, आणि तोवर माझी जागा राहील याची खात्री नाही.

घरी बाबा लसूण सोलायला बसले. तू गेल्यावर मी करायचे, आता स्वयंपाक तेच करतात. मी समोर बसून समजावलं. दोन गट आहेत. नेहमीचं औषध दोन्ही गटांना मिळणार. एका गटाला त्यासोबत नवीनही. कोण कुठल्या गटात ते संगणक ठरवणार, डॉक्टर नाही, मी नाही.

"म्हणजे लॉटरी," बाबा म्हणाले. "गिरणी कामगाराच्या घराची लॉटरी लागाक नाय अजून, आता औषधाची?"

"ही लागली नाही तरी नेहमीचं औषध आहेच. आणि नवीन औषध उपयोगी पडेलच असंही नाही. पडतं का, तेच तपासायचंय."

"उंदीर करतले तुझो."

"उंदराला विचारत नाहीत, बाबा. मला विचारलंय. नको वाटलं तर मधेच सोडता येतं, आणि सोडलं म्हणून कुणी उपचार थांबवत नाही."

ते बराच वेळ एकच पाकळी सोलत होते. मग म्हणाले, "तुझ्या आवशीक ठाऊक होता काय गो?"

तुला ठाऊक होतं का, ते मला माहीत नाही, असं मी म्हणाले. ते उठले, हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "गुरुवारी मी येतंय. आत बसतंय. तू सांग त्यांका, मी ऐकतंय."

सहीच्या आधी, आपल्याला काय समजलं ते मला माझ्या शब्दांत सांगायचं आहे. आजार काय, तो कुठे पोचलाय, औषध काय करेल, काय नाही करणार. बाबा शेजारी बसून ऐकतील. आपल्या घरात हे पेशंटच्या तोंडून पहिल्यांदा बोललं जाईल. मी तयारी केली आहे. सही करणार आहे. कुठला गट मिळेल याचा विचार मी करत नाही, कारण तो माझ्या हातात नाही. वेळेवर जाणं, रक्त देणं, काय त्रास झाला ते नीट सांगणं माझ्या हातात आहे, आणि ते मी करेन.

फक्त बाबांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. दहावीपर्यंत पुरेल म्हणून घेतलेलं पितळी कर्कटक आहे. त्या वर्षी तू मला भात, आमटी आणि बांगड्याचं तिखलं करायला शिकवलंस, घाईने, एकदा चुकल्यावर ओरडून, आणि तू ओरडणारी नव्हतीस. ही सगळी काट्यावरची नाहीत, माझ्या आठवणीतली रीडिंग्ज आहेत. त्यांवर मी कामाच्या ठिकाणी सही केली नसती. तुला माहीत असेल, तर त्या बसमध्ये तू एकटीच बसली होतीस. माहीत नसेल, तर तुझ्याबद्दलचं सगळं तुझ्याशिवाय ठरलं. दोन्हींतलं बरं काय, मला सांगता येत नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, बाबांनाही दाखवणार नाही. मोजण्याआधी आकडा मनात धरायचा नाही, हा माझ्या कामातला पहिला नियम आहे. तरी कबूल करते: तुझं उत्तर 'हो, माहीत होतं' असं असावं, असं मला वाटतं.

गुरुवारी अकरा वाजता आम्ही दोघं परळला असू. बुधवारपर्यंत कळव.