तानुबाईची दुसरी उडी

७ जानेवारी

आली कॅसेट! "बोंडअळी". माझ्या तीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी कोरा करकरीत नवा गेम — आणि करणारा कोण, तर धामणगाव बढ्याचा कोणी विहंग. घरी बसून एकट्यानं केला म्हणे. पाणी कुठंतरी मुरतंय.

जुन्या गेमांच्या ग्रुपवर दोन दिवसांत अकरा जणांचं कौतुक. खामगावचा गोविंदा तर "डोळे भरून आले" लिहितो. गेम पाहून? त्या विहंगनंच सगळ्यांना लिहायला लावलेलं दिसतंय. मी नाही कोणाचं ऐकून मत देत. म्हणून तर लोक विचारतात, स्नेहलताताईंचं काय म्हणणं?

८ जानेवारी

कोर्टातून आले आणि चहाच्या आधी कॅसेट लावली. चित्रं छान आहेत, खोटं कशाला बोलू. तानुबाई नावाची बाई, डोक्याला फडकं, कपाशीच्या झाडांवरून उड्या मारत अळ्या चिरडते. झाडं लांब लांब असली की हवेत असतानाच परत बटण दाबायचं — दुसरी उडी. आणि तीच ती मारत नाही! धपकन खाली. सतरा वेळा मेली.

अकरा जणांपैकी एकालाही हे दिसू नये?

९ जानेवारी

खेळायचा रिमोट बदलला. तेच.

११ जानेवारी

अविनाश हिवरा आश्रम गावच्या शाळेत शिकवून आला. पाय धुऊ दिले आणि रिमोट हातात दिला. माझ्या नवऱ्यानं जन्मात कधी गेम खेळला नाही. गेला की तिसऱ्या वावरापर्यंत!

"काऊन वं, उडी तं बरोबर मारून राह्यली ते."

मी घेतला. धपकन.

म्हणजे कधी चालतं, कधी नाही. असला दोष सगळ्यात वाईट. विकणारा सहज म्हणू शकतो, आमच्याकडं तर चालतं!

१४ जानेवारी

भयंकर झालं. लहानपणीची कॅसेट लावली, जिचा शेवट मी डोळे मिटून गाठायची. तिच्यातही बटण अडकतंय! म्हणजे या नव्या कॅसेटनं माझं यंत्रच बिघडवलं.

ग्रुपवर लिहिलं. सरळ. "दुसरी उडी लागत नाही. यंत्राला धोका आहे. घेऊ नका."

१६ जानेवारी

सहा जणांनी मागणी मागं घेतली. दोघांनी कॅसेट परत पाठवल्या — न लावताच!

गोविंदा लिहितो, "ताई, मी पूर्ण खेळलो, मले तं काहीच दिसलं नाही." तुला दिसणारच नाही, बाबा. तुझे डोळे भरलेले.

१९ जानेवारी

विहंगचा फोन. मला वाटलं भांडेल. नाही. आवाज खाली पडलेला. "ताई, दोन वर्षं लागली मले हे करायले. चूक असन तं मले दाखवा, मी दुरुस्त करतो. एक व्हिडिओ पाठवसान? टीव्ही अन् तुमचा अंगठा, दोन्ही दिसले पाहिजे."

इतकं गोड बोलतो त्या अर्थी काहीतरी शोधतोय. अंगठा कशाला हवा याला? तरी पाठवला. पुरावाच आहे, पळशील कुठं!

२१ जानेवारी

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते —

"ताई, व्हिडिओ एकेक चित्र थांबवून पाह्यला. पहिल्या उडीनंतर तुमचा अंगठा बटणावरून उठतच नाही. उठला नाही तं दुसऱ्यांदा दाबल्या जात नाही. तुम्हाले वाटते उचलला, पण तो तिथंच असते. गेममधी चूक नाही. मी डॉक्टर नाही, पण हात एकदा दाखवा. राग नका धरू."

राग नका धरू! स्वतःचा दोष माझ्या हातावर ढकलतो. वीस वर्षं कोर्टात टायपिंग करतेय मी या हातांनी! अविनाशला वाचून दाखवलं. तो माझ्या हातांकडंच बघत बसला. तोही त्यांच्यातलाच.

२२ जानेवारी

सकाळी ब्लाउजचे हूक लावायला अविनाशला हाक मारली. त्यानं लावले. मग म्हणाला, "दिवाळीपासून मीच लावून राह्यलो, स्नेहा."

मी मोजलंच नव्हतं. कोर्टात वामनराव साहेब महिनाभरापासून माझा कागद दुरुस्त करून घेतात — मला वाटायचं, माझ्या बदलीसाठी कारण शोधतात. की-बोर्डवर एकच अक्षर चार-चारदा उमटतं. मी की-बोर्डाची तक्रार दिलीय. लेखी!

दार लावून रिमोट घेतला. या वेळी टीव्हीकडं पाहिलंच नाही, अंगठ्याकडं पाहिलं. दाबला. उचल म्हटलं.

नाही उचलला. मग डाव्यानं करून पाहिलं. तोही नाही.

२४ जानेवारी

मेहकरच्या डॉक्टरांनी फक्त मूठ उघड-बंद करायला लावली. दहा सेकंद, घड्याळ लावून. मग एका रेषेवर चालायला लावलं. हाताचं दुखणं, चालायचं काय काम? विचारलं तर म्हणाले, "उद्याच अकोल्याले जा." अविनाशनं रजा टाकली.

ग्रुपवर काय लिहू? लिहून खोडलं. तीनदा.

२७ जानेवारी, अकोला

दोष हातात नाही, मानेत आहे. मणका मज्जारज्जूला दाबतोय. परवा ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, "अजून काही महिने गेले असते तर चालणं गेलं असतं. तुमच्या लक्षात कसं आलं?" मी म्हटलं, माझ्या नाही आलं. विहंगच्या आलं. मग तिथंच बाकड्यावर बसून ग्रुपवर लिहायला घेतलं. बोट अडकत होतं. अविनाश म्हणाला, मी लिहितो. नको म्हटलं. एवढं मलाच लिहायचंय.