पिराचा गूळ

सोमवार, ३ नोव्हेंबर

खुलताबाद! आलोच शेवटी. दौलताबाद सोडून एसटी घाटाला लागली, खिडकीतून गार वारा आला आणि चौथीतली कविता आपोआप ओठांवर — अख्खी, एक शब्द न गळता! मोठ्यानं म्हणालो असणार. शेजारच्या बाईनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

पुढच्या सोमवारी माझा मुलगा विश्वजीत पुण्याला नेणार. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. मग हा डोंगर कसला चढतो मी? म्हणून आधी हे काम. आई जाताना म्हणाली होती, "पिराचा गूळ राहिला रे सोनाजी." माझ्यासाठी बोललेला नवस. लेकरू जगलं तर त्याच्या भारंभार गूळ तोलायचा नि वाटायचा. बाप मेंढरं घेऊन कायम भटकंतीवर, राहून गेलं. पीर कोणता ते आईनं सांगितलं नाही. पण मला लख्ख आठवतं — चिंच, सात पायऱ्या, हौद. सापडणार!

मंगळवार, ४

मुक्काम बहिणीकडे. कडूबाई, माझी आक्का, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिच्याआधीची दोन लेकरं गेली, म्हणून आईनं नाव कडू ठेवलं — काळानं तोंडात घातलं तरी थुंकून टाकावं! चव अजून तीच आहे. "गुडघं नाय धड, अन् निघालं डोंगर हुंगायला," म्हणाली. पिराचं तिला काही बोललो नाही. आठवण माझी पक्की आहे.

बुधवार, ५

दिवसाला एकच दर्गा. घाई कशाला? पांढरा घुमट, वर पारवे, आत गुलाब नि लोबानचा वास. तासभर नुसता बसलो. बालपणी मेंढरांमागं याच उतारावर कविता घोकायचो, मेंढरं मान हलवायची.

मुजावर म्हणाला, "क्या ढूंढरे चाचा?"

"मेरा पीर."

"सबकाच है. बैठो, चाय पियो."

चहा फक्कड. पण चिंच नाही, कडुलिंब.

गुरुवार, ६

चिंच आहे. पायऱ्या पाच. नाही!

शुक्रवार, ७

पीर उद्या सापडणारच, म्हणून गूळ आजच सांगून टाकला. आप्पासाहेबाच्या दुकानात धान्याच्या काट्यावर उभा राहिलो. अडुसष्ट किलो.

"लगीन हाय का काका घरात?" आप्पासाहेब हसला.

"नवस आहे. माझा."

आक्का मीठ घ्यायला आली होती, दारातच उभी. ऐकलं तिनं. मीठ न घेताच गेली. जेवतानाही गप्प — आणि ही बाई गप्प बसणारी नव्हे.

शनिवार, ८

भद्रा मारुतीला शनिवारची गर्दी, म्हणून गावाच्या जुन्या तटाकडून गेलो. गुडघा मधेच धरला. बसलो दगडावर, कविता सुरू केली, दुसरं कडवं आठवेना. पहिल्यांदाच.

मागून आवाज, "ऊठ. तिकडं नाय, हिकडं."

आक्का! कोपर धरून बोळातून घेऊन गेली. चिंच — केवढी थोरली! हौद कोरडा. पायऱ्या मी मोजल्या. सात! ती न बघता चढली, आपल्या घरात शिरावं तशी.

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलं कुठं?"

वर जाऊन तिनं उंबऱ्याला कपाळ टेकलं. मला म्हणाली, "तू बोट धरून यायचास संगट. आय हितं मला बसवायची. म्हणायची, पुढल्या साली तोलीन."

मला. ती 'मला' म्हणाली.

रविवार, ९

आधीची दोन गेली, तिसरी जगली. मंगळवारी माझ्याच हातानं लिहिलंय. एकाहत्तर वर्षांत एकदाही मनात आलं नाही की नवस मुलीसाठी असेल.

सकाळी आप्पासाहेबाचा काटा चिंचेखाली आणवला. आक्का पदर सावरून बसली, डोळे मिटून, नवरीसारखी. एकेचाळीस किलो. तेवढा गूळ वाटला. सत्तावीस उरला.

"हा परत करू?" मी विचारलं.

"वाट की. तू बी जगलाच ना."