काळी एक, काळी दोन

राहुरी, गुरुवार संध्याकाळ, जानेवारी १९७३

जमलं एकदाचं. टेलिफोनच्या भंगारातून आणलेल्या फिरत्या स्विचनं आज माझ्या विजेच्या सूरयंत्राची पट्टी बदलली. यंत्र स्वतःच वाजवतं ती आठ सुरांची ओळ तीच, पण ‘खट्’ झालं की काळी एकवरून काळी दोनवर, आणि आवाज बासरीसारखा होता तो सनईसारखा. मी हातही लावला नाही.

वडील भजनात पेटी वाजवतात. कालच म्हणाले होते, “बुवानं मान हलवली की मी पट्टी बदलतो. तुझ्या यंत्राला मान हाय का?” आज साथीला बसले ते चूक काढायलाच. ‘खट्’ झालं आणि त्यांची बोटं आपोआप काळी दोनवर गेली. माझं मन राखलं का? छे, बोटं खोटं बोलत नाहीत.

पेटीचा भाता मिटून उठताना म्हणाले, “मान हाय रं त्याला.”